मद्यासक्तांचे कुटुंबीय
मद्यपानावरील स्वतःचा ताबा गमावलेल्या व्यक्तीची पत्नी अथवा पती, आईवडील, मुले, भावंडे आणि तिच्यासोबत एका घरात राहणारे इतर आप्त यांचा या संज्ञेत समावेश होतो. मद्यासक्तीचा इतिहास सामान्यतः मद्यपी, वैद्य, धर्मोपदेशक आणि अबकारी खाते यांच्या अंगाने लिहिला जातो. घरातील माणसे त्यात येतात, ती बहुधा मद्याच्या दुष्परिणामांचा पुरावा म्हणून. परंतु व्यसनी माणसाला अंथरुणावर नेऊन निजविणे, त्याच्या कचेरीत आजारपणाची सबब कळविणे, सावकाराला तोंड देणे आणि मुलांना काय सांगावे हे ठरविणे ही कामे याच माणसांनी केलेली आहेत. त्यांनी काय करावे, त्यांचा दोष किती आणि त्यांना स्वतःला साहाय्याची गरज आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे गेल्या दोन शतकांत अनेकदा बदलली. त्या बदलांचा इतिहास हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

जुन्या समाजांत या प्रश्नाचे उत्तर कर्तव्याच्या भाषेत दिले जाई. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मद्याने धुंद झालेल्या, जुगारासारख्या नादात बुडालेल्या किंवा रोगपीडित पतीची अवज्ञा करणाऱ्या स्त्रीला अलंकार काढून घेऊन तीन महिने दूर ठेवावे, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात मद्यपी पत्नी असता पुरुषाने दुसरी करण्यास हरकत नाही, असेही म्हटले आहे. हे वचन प्रत्यक्षात किती पाळले गेले हा वेगळा प्रश्न. पण त्यातील विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. पती मद्यपी असला, तर कसोटी पत्नीची. पत्नी मद्यपी असली, तरी कसोटी पत्नीचीच. इंग्लंडच्या कायद्यातही विवाहित स्त्रीची मिळकत १८७० व १८८२ च्या अधिनियमांपर्यंत बव्हंशी पतीच्या स्वाधीन असे व तिने कष्टाने मिळविलेला पैसा गुत्त्यात गेला, तरी तिला दाद मागता येत नसे. अट्टल मद्यपान हे विभक्त राहण्याचा आदेश मागण्यास पुरेसे कारण आहे, ही गोष्ट तेथील कायद्याने १९०२ मध्ये मान्य केली.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत कुटुंबीय प्रथमच संघटित रूपाने पुढे आले. १८४० मध्ये बॉल्टिमोर येथे सहा मद्यपींनी एकत्र येऊन मद्यत्यागाची शपथ घेतली व त्यातून ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ उभी राहिली. तिला जोडूनच पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची ‘मार्था वॉशिंग्टन’ मंडळे निघाली. मद्य सोडू पाहणाऱ्यांच्या बायकामुलांना कपडे व अन्न पुरविणे हे त्यांचे मुख्य काम. कुटुंबाच्या गरजेकडे गरज म्हणून पाहणारा हा बहुधा पहिला संघटित प्रयत्न असावा. मात्र मूळ चळवळ काही वर्षांतच ओसरली आणि तिच्याबरोबर ही मंडळेही मागे पडली. त्यानंतर १८७३ च्या डिसेंबरात ओहायओतील हिल्सबरो या गावी एलायझा टॉम्पसन यांच्या पुढारीपणाखाली स्त्रिया गुत्त्यांच्या दारात प्रार्थना करीत बसू लागल्या. टॉम्पसन यांच्या स्वतःच्या मुलाचे आयुष्य मद्याने उद्ध्वस्त झाले होते. हे लोण थोड्याच महिन्यांत अनेक राज्यांत पसरले व १८७४ मध्ये ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ही संस्था स्थापन झाली. या चळवळीने स्त्रियांना सभेत बोलावयास, अर्ज करावयास व पुढे मताधिकार मागावयास शिकविले. परंतु तिचे लक्ष्य बाटली व दुकान हे होते. आधीच व्यसनाधीन झालेल्या माणसाच्या घरी रात्री काय करावयाचे, याचे उत्तर तिच्यापाशी प्रार्थनेपलीकडे नव्हते.

महाराष्ट्रातही हीच दिशा दिसते. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला आणि त्यात गरीब कुटुंबांच्या नाशाचा मुद्दा मांडला. मराठी मनावर मद्यपीच्या घराचे जे चित्र कायमचे कोरले गेले, ते मात्र राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला या नाटकाने. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले व त्याच वर्षी हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. सुधाकर हा बुद्धिमान वकील एका पेल्याने सुरुवात करून सर्वनाशाला पोहोचतो आणि सिंधू दळणकांडण करून संसार रेटते, माहेरचे साहाय्य नाकारते व अखेरपर्यंत पतीचा अपराध झाकते. प्रेक्षकांनी या सोशिकतेला पातिव्रत्याचा आदर्श मानले. आज तेच प्रसंग वाचताना मद्यासक्ताच्या घरातील अनेक गोष्टींचे अचूक निरीक्षण त्यांत आढळते. लोकलाजेने दारे लावून घेणे, मदतीचा हात परतविणे आणि परिणामांपासून व्यसनी माणसाला वाचवीत राहणे या गोष्टी पुढे समाजशास्त्रज्ञांनी शेकडो मुलाखती घेऊन नोंदविल्या. त्याच नाटकात तळीरामाची पत्नी गीता ही नवऱ्याच्या व्यसनाविरुद्ध फटकळपणे बोलणारी स्त्री आहे. प्रेक्षकांची सहानुभूती सिंधूकडे गेली व गीता विनोदाच्या खात्यावर जमा झाली, ही गोष्ट नाटकाइतकीच प्रेक्षकांबद्दलही सांगणारी आहे.

लोइस विल्सन व ॲल-ॲनॉन : कुटुंबीयांच्या साहाय्याला आधुनिक रूप मिळाले, ते अमेरिकेत १९३५ ते १९५१ या काळात. त्याच्या केंद्रस्थानी लोइस विल्सन (१८९१–१९८८) ही स्त्री होती. ब्रुकलिनमधील एका डॉक्टरची ही मुलगी. जानेवारी १९१८ मध्ये तिने विल्यम ऊर्फ बिल विल्सन (१८९५–१९७१) या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. आपल्या प्रेमाने व सहवासाने त्याचे पिणे सुटेल, असा तिला विश्वास होता. न्यूयॉर्कच्या मित्रांपासून तो दूर राहावा म्हणून १९२५ मध्ये दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि बाजूला गाडी जोडलेल्या मोटारसायकलवरून पूर्वेकडील राज्यांतून मोठा प्रवास केला. बिलच्या दृष्टीने तो उद्योगधंद्यांची माहिती काढण्याचा दौरा होता. लोइसच्या दृष्टीने ती एक उपचारयोजना होती. ती सफल झाली नाही. त्याने घरच्या बायबलात मद्य सोडण्याच्या शपथा लिहिल्या व त्या मोडल्या. १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यानंतर तो कर्जात बुडाला, तेव्हा एका मोठ्या दुकानात नोकरी करून लोइसने संसार चालविला; दोघे तिच्या वडिलांच्या घरात राहत.

डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधील टाउन्स रुग्णालयात बिलने मद्य सोडले, ते कायमचे. पुढील वर्षी ओहायओतील ॲक्रन येथे डॉ. रॉबर्ट स्मिथ (१८७९–१९५०) या मद्यासक्त शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली आणि त्यांच्या परस्परसाहाय्यातून ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. आता लोइस सुखी व्हावयास हवी होती. झाले ते निराळे. बिल तिला एका सभेला निघण्याची घाई करू लागला, तेव्हा तिने संतापून पायातील जोडा त्याच्या दिशेने फेकला. हा प्रसंग तिने स्वतःच पुढे वारंवार सांगितला आहे. विचार करता तिच्या लक्षात आले, की सतरा वर्षे जिवाचे रान करून आपल्याला जे साधले नाही, ते परक्या माणसांनी थोड्या महिन्यांत साधले, हे शल्य आपल्याला बोचत आहे. आणि नवऱ्याला सांभाळणे हेच आपले जीवितकार्य होऊन बसल्याने, तो सावरल्यावर आपले हात रिकामे झाले आहेत. व्यसन सुटल्यावर घरात येणारी ही पोकळी मद्यासक्ताच्या अनेक आप्तांच्या अनुभवाची असते, पण तोपर्यंत तिला कोणी शब्दरूप दिले नव्हते.

संघटनेचा मूळ ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे व त्याचे निवेदन पत्नींच्या तोंडी आहे. प्रत्यक्षात ते बिलने लिहिले. आपल्याला लिहू दिले नाही, याचे दुःख लोइसला दीर्घकाळ होते. त्या प्रकरणातील सल्ला बराचसा संयमाचा आहे : रागावू नये, टोचून बोलू नये, धीर धरावा. संयमाचा उपदेश चुकीचा नव्हे. मात्र उपदेश करणारा पूर्वीचा मद्यपी आणि ऐकणारी त्याची पत्नी, या रचनेतच काहीतरी गैर होते. त्याच वर्षी विल्सन दांपत्याचे घर गहाणात गेले व पुढील दोन वर्षे त्यांनी ओळखीच्या लोकांकडे मुक्काम हलवीत काढली.

ॲक्रनमध्ये डॉ. स्मिथ यांची पत्नी ॲन स्मिथ (१८८१–१९४९) ही मद्यपींना घरी ठेवून घेई व त्यांच्या बायकांशी तासन्‌तास बोलत बसे. न्यूयॉर्कमध्ये पुरुषांच्या सभा चालू असताना काही बायका बाहेर मोटारींत थांबून राहत. लोइसने त्यांना आत बोलावले. चहाकॉफी करणाऱ्या या बायका हळूहळू स्वतःबद्दल बोलू लागल्या. अशी कुटुंबमंडळे विविध शहरांत आपोआप तयार झाली होती. १९५१ मध्ये बिलच्या सूचनेवरून लोइसने ॲन बी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेजारणीच्या साहाय्याने बेडफर्ड हिल्स येथील आपल्या घरातून ऐंशींहून अधिक पत्त्यांवर पत्रे पाठविली व या मंडळांना एकत्र जोडले. मूळ संघटनेच्या नावातील आद्याक्षरे घेऊन त्यांना ‘ॲल-ॲनॉन’ हे नाव मिळाले. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका शाळकरी मुलाच्या पुढाकाराने मद्यासक्तांच्या किशोरवयीन मुलांसाठी ‘ॲलाटीन’ ही शाखा निघाली.

ॲल-ॲनॉनची शिकवण थोडक्यात अशी, की आप्तांनी हे व्यसन निर्माण केलेले नाही, ते त्यांच्या ताब्यात राहू शकत नाही आणि ते बरे करणे त्यांच्या हातात नाही. त्यामुळे बाटल्या शोधणे, पेले मोजणे, खोट्या सबबी सांगणे यांत आयुष्य न घालविता त्यांनी स्वतःचे मन व जीवन सावरावे. यास तेथे ‘प्रेमपूर्वक अलिप्तता’ असे म्हणतात. या शिकवणीतील मुक्ती खरी आहे. नवऱ्याच्या पिण्याबद्दल वर्षानुवर्षे स्वतःला बोल लावणाऱ्या स्त्रीला, हे तुझ्यामुळे झालेले नाही, असे दुसऱ्या तशाच स्त्रीने सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि मारहाण होत असलेल्या किंवा चूल पेटत नसलेल्या घरात अलिप्तता कशी आचरावी, याचे उत्तर केवळ मनोवृत्तीत सापडत नाही, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

संशोधकांची दृष्टी : याच सुमारास मानसशास्त्रज्ञ व समाजसेविका यांनी या स्त्रियांकडे पाहण्यास प्रारंभ केला, पण त्यांच्या पहिल्या निष्कर्षांनी त्यांना दिलासा मिळण्याऐवजी दोषच मिळाला. १९५३ मध्ये थेल्मा व्हेलन यांनी कुटुंबसेवा संस्थेत आलेल्या मद्यासक्तांच्या पत्नींचे चार नमुने वर्णिले : सोसणारी, सत्ता गाजविणारी, द्विधा मनाची आणि शिक्षा करणारी. प्रत्येक नमुन्याला तिने एकेक उपरोधिक नावही दिले. या मताप्रमाणे अशा स्त्रीला दुबळा नवरा अंतर्यामी हवाच असतो; म्हणून ती त्याची निवड करते आणि तो सुधारू लागला की स्वतः ढासळते. सिंधूला देवी ठरविणारा समाज आणि तिला मनोरुग्ण ठरविणारे शास्त्र, या दोहोंनीही तिच्यावरील ताणाचा विचार केला नाही, असे म्हणावे लागते.

जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हे चित्र पालटले. सिअ‍ॅटल येथील पत्नींच्या मंडळात सुमारे तीन वर्षे बसून तिने त्यांचे बोलणे नोंदविले होते. मद्यासक्ती हे कुटुंबावर येणारे संकट असून घर त्याला टप्प्याटप्प्याने तोंड देते, असे तिने दाखविले. प्रथम हे संकट नाकारले जाते. मग ते लपविण्याच्या प्रयत्नांत कुटुंब लोकांपासून तुटते. मग सर्व उपाय हरल्याने घराची घडी विसकटते. पुढे पत्नी कारभार स्वतःच्या हाती घेते, प्रसंगी विभक्त होते आणि पतीवाचून घर पुन्हा बसविते. जी स्त्री पहिल्या टप्प्यात भित्री दिसते, तीच चौथ्या टप्प्यात कठोर दिसेल. म्हणजे व्हेलनचे चार नमुने हे चार स्वभाव नसून एकाच प्रवासातील मुक्काम असण्याचा संभव आहे.

जॅक्सनच्या मांडणीतील शेवटचा टप्पा विशेष उद्‌बोधक आहे. पती मद्य सोडून घरी परततो, तेव्हा त्याला वडीलकीचे आसन परत हवे असते. पण मधल्या वर्षांत घर त्याच्याविना चालावयास शिकलेले असते. मुले परवानगी आईकडे मागतात, पैसे तिच्यापाशी असतात आणि तो उशिरा आला की सर्वांचे कान दारातील पावलांकडे लागतात. तो दुखावतो, तिचा विश्वास बसत नाही. सुधारणेच्या पहिल्या वर्षात मोडणारे संसार पाहून लोक चकित होतात, ते या गोष्टीकडे लक्ष न गेल्यामुळे. १९७३ मध्ये पॅट्रिशिया एडवर्ड्‌स, शेरिल हार्वे व पॉल व्हाइटहेड यांनी तोपर्यंतच्या संशोधनाचा परामर्श घेऊन मद्यासक्तांच्या पत्नी या ताणाखाली असलेल्या सामान्य स्त्रिया होत, असा निष्कर्ष काढला. तरीही १९८० नंतरच्या दशकात ‘सहपरावलंबन’ ही कल्पना लोकप्रिय पुस्तकांद्वारे पसरली व आप्तांना पुन्हा एकदा रुग्ण म्हणण्याची प्रथा रूढ झाली. घरातील माणसाची माया हेच व्यसनाचे इंधन, असे म्हणण्यापर्यंत काही लेखकांची मजल गेली. कौटुंबिक जबाबदाऱ्या जेथे नैसर्गिक मानल्या जातात, अशा समाजात ही कल्पना तपासूनच घ्यावयास हवी.

घरगुती उपायांचे धोके : कुटुंबीयांच्या इतिहासाचा एक भाग औषधांशी निगडित आहे व तो फारसा सांगितला जात नाही. व्यसनी माणसाला खोलीत कोंडून एकाएकी मद्य बंद करणे, हा उपाय असंख्य घरांत केला गेला. थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ मध्ये ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ (कंपोन्माद) या अवस्थेचे वर्णन केले. ती मद्याने होते की मद्य थांबल्याने, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला. हॅरिस इसबेल व सहकारी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी मद्य एकदम तोडणे हेच तिचे कारण असल्याचे दाखविले. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याला मद्य थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी कंप, ज्वर, भास व भ्रम सुरू होतात आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. निश्चयाने व मायेने दारे बंद करणाऱ्या नातलगांच्या हातून असे मृत्यू घडत आले. म्हणूनच मद्य तोडण्याचे पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखाली काढणे आवश्यक ठरते.

दुसरा धोका डायसल्फिराम या औषधाचा. कोपनहेगन येथे येन्स हाल्ड व एरिक याकॉपसन यांना १९४७–४८ मध्ये या द्रव्याचा मद्यविरोधी गुण आढळला. ते घेतलेल्या माणसाने मद्य प्याल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात व रक्तदाब उतरतो. रुग्णाने स्वतः समजून, वैद्याच्या सल्ल्याने व घरच्या माणसाच्या हातून रोज घेतल्यास त्याचा उपयोग होतो. येथे पत्नीला एक मान्य, उघड भूमिका मिळते. परंतु तेच औषध भाजीत वा चहात कालवून नकळत दिले, तर त्या बेसावध माणसाच्या जिवावर बेतू शकते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भारतीय वृत्तपत्रांत व भिंतींवर वर्षानुवर्षे झळकत आल्या आहेत. त्यांचा ग्राहक मद्यपी नसून त्याची हताश झालेली आई वा पत्नी असते. शिवाय फसवणूक उघडकीस आली, म्हणजे घरच्या अन्नावरचा विश्वासही उडतो.

भारतातील प्रयत्न : स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. चोरून पिणाऱ्याच्या पत्नीपुढे त्यामुळे नवा पेच उभा राहिला. तक्रार करावी तर नवरा तुरुंगात जातो व मजुरी बुडते. न करावी तर हातभट्टीची विषारी दारू घरात येते. पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. स्त्रियांचा सामूहिक प्रतिकार मात्र दुकानाविरुद्धच राहिला. आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातून १९९२ मध्ये उसळलेले अरकविरोधी आंदोलन आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात लागू झालेली दारूबंदी ही त्याची ठळक उदाहरणे होत. गावातील दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात स्त्रियांचे मतदान घेतले जाते, तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली ही चिन्हे असतात. बाटली आडवी झाल्यावरही आधीचा मद्यासक्त घरातच असतो, हा प्रश्न तसाच उरतो.

अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमसचे काम भारतात १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढे ॲल-ॲनॉनची मंडळेही आली. मुंबईपुण्यात त्यांच्या मराठी सभा भरू लागल्या. उपचारकेंद्रांत कुटुंबाला प्रारंभापासून स्थान देण्याचे श्रेय मुख्यतः चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथील शांती रंगनाथन यांना जाते. पतीचे १९७९ मध्ये मद्यासक्तीने निधन झाल्यावर त्यांनी अमेरिकेत प्रशिक्षण घेतले व १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली. तेथे रुग्णाबरोबर आप्तांसाठीही स्वतंत्र कार्यक्रम ठेवला गेला. १९८९ पासून तंजावर भागातील मंजक्कुडी या खेड्यात त्यांच्या संस्थेने शिबिरे भरविली, त्यांतही घरच्यांचा सहभाग होता. रुग्णालय दूर असलेल्या शेतमजुराच्या पत्नीला मद्यासक्ती हा आजार आहे, ही गोष्ट अशा ठिकाणीच प्रथम ऐकावयास मिळाली.

पुणे येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीचे त्याला साहाय्य झाले. निमित्त ‘गर्द’च्या व्यसनाचे होते, परंतु लवकरच मद्यासक्त रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या. पत्नींच्या गटाला तेथे ‘सहचरी’ हे नाव आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतील अलिप्तता येथे जशीच्या तशी चालत नाही, कारण एकत्र कुटुंबात नवऱ्याच्या पिण्याबद्दल सासू सुनेला बोल लावते, दीर पैसे देऊन प्रश्न मिटवितो आणि सुनेला माहेरी परतण्याची वाट अनेकदा बंद असते. त्यामुळे एकट्या पत्नीशी बोलून भागत नाही. नवऱ्याला पैसे कोणी द्यावयाचे नाहीत, त्याच्या वतीने कोणी कर्ज फेडावयाचे नाही, पिऊन आल्यावर कोणी वाद घालावयाचा नाही, यांवर घरात एकमत होणे हा उपचाराचाच भाग बनतो.

प्रश्नाचा आवाका राष्ट्रीय पाहणीतून दिसून येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार भारतात १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यपान करीत होत्या, त्यांपैकी सु. २·९ कोटी मद्यासक्त होत्या. पुरुषांत मद्यपानाचे प्रमाण २७·३ टक्के, तर स्त्रियांत १·६ टक्के आढळले. म्हणजे या देशात पिणारा बहुतेक वेळा पुरुष आणि निस्तरणारी बहुतेक वेळा स्त्री असते. मद्यासक्त स्त्रीच्या घरच्यांचा अनुभव याहून वेगळा असतो : तिचे व्यसन अधिक लपविले जाते व तिच्यासोबत उपचाराला येणारे माणूस क्वचितच मिळते.

अलीकडील पद्धती : आप्तांच्या वागण्यातून मद्यपीला उपचाराकडे आणता येते का, याची शास्त्रीय चाचणी विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. व्हर्नन जॉन्सन या धर्मोपदेशकाने १९७३ मधील आपल्या पुस्तकात नातलगांनी एकत्र जमून मद्यपीला अचानक सामोरे जाण्याची पद्धत सुचविली होती. तिच्या उलट रॉबर्ट मायर्स व सहकारी यांनी आप्तांना शिकविण्याची पद्धत तयार केली : तो शुद्धीत असताना आवर्जून सोबत करावी, पिऊन असताना शांतपणे बाजूला व्हावे, पिण्याचे स्वाभाविक परिणाम त्याचे त्याला भोगू द्यावेत, तो स्वतः खंतावलेला असताना उपचाराचा विषय काढावा आणि मारहाणीचा धोका असल्यास प्रथम स्वतःच्या सुरक्षिततेची योजना करावी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० आप्तांवरील चाचणीत या पद्धतीने ६४ टक्के मद्यपी उपचारास आले. जॉन्सनच्या पद्धतीने ३० टक्के व ॲल-ॲनॉनच्या मार्गाने १३ टक्के. जॉन्सनच्या गटातील बहुसंख्य कुटुंबांनी ठरलेला सामना प्रत्यक्षात घडवून आणलाच नाही, ही गोष्ट मानवी स्वभावास धरूनच झाली. ॲल-ॲनॉनचे उद्दिष्ट मुळात मद्यपीला उपचारास आणणे हे नसल्याने त्या आकड्यावरून त्याचे मूल्यमापन करणे मात्र उचित नव्हे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जिम ऑर्फर्ड यांनी इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग, मेक्सिको सिटी व ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज येथील आप्तांशी दीर्घ मुलाखतींतून तुलना केली. सोसणे, विरोध करणे व दूर होणे हे तीनच मार्ग सर्वत्र आढळले व त्यांपैकी कोणताही सर्वकाळ योग्य ठरला नाही. यावरून त्यांनी व सहकाऱ्यांनी आप्तांसाठी पाच पायऱ्यांची समुपदेशनपद्धती तयार केली. तिच्या आधारे गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने विसाव्या शतकानंतरच्या दुसऱ्या दशकात स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत कुटुंबीयांसाठी एक कार्यक्रम विकसित करून पाहिला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हेत. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे. पद्धतीतील पहिली पायरी ऐकून घेण्याची आहे आणि त्या पायरीवर विचारपूस होते ती घरी पिणाऱ्या माणसाची नव्हे, तर समोर बसलेल्या आप्ताची : त्याला झोप लागते का, जेवण जाते का, हे सर्व त्याने आजवर कोणाला सांगितले आहे का.